खाजणातले किनारी पक्षी गेले कुठे? आधी भरतीची वेळ बघा

रायगड जिल्ह्यातल्या धरमतर खाडीकाठच्या एका गावातून प्रश्न आलाय, तो थोडक्यात असा. गावच्या खाजणात, म्हणजे बांधाच्या आतल्या सखल खारवट जागेत, दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत हिवाळ्यात चिखल्या-तुतवार या छोट्या किनारी पक्ष्यांचे मोठे थवे उतरायचे, आता ते तुरळक दिसतात. जांभळ्या पाणकोंबड्या, शराटी आणि मुग्धबलाक मात्र वाढलेत. खाडीच्या बाजूने तिवरं (कांदळवनाची झाडं) आत सरकलीत. गेल्या हंगामात थोडे रोहित (फ्लेमिंगो) येऊन गेले, त्यामुळे गावातल्या काहींना वाटतं की सगळं छान चाललंय. विचारणारे दोघे-तिघे तरुण दर रविवारी सकाळी सातला बांधावर जाऊन नोंदी करतात. एका रविवारी शेकड्यांनी पक्षी, तर पुढच्या रविवारी मोजून वीस-पंचवीस, असं वहीत दिसतं. पक्षी खरंच घटलेत का, कशामुळे, दुर्बीण कोणती घ्यायची, आणि आम्ही काय करायचं, हे त्यांना विचारायचंय.

तुमचं खाजण बदललंय यात मला शंका नाही. पाणकोंबडी आणि मुग्धबलाक तेच सांगतायत, त्याकडे पुढे येतो. पण किनारी पक्षी किती घटले हे तुमच्या वहीवरून सांगता येणार नाही. मेहनत कमी पडली म्हणून नव्हे. सकाळी सातची वेळच त्या प्रश्नाला चालणारी नाही.

कोकणात तिथीवरून भरती काढायची रीत जुनी आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची साधारण वेळ हाती येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत जितकं आत जावं तितकी ती थोडी उशिरा पोचते, पण अंदाजाला हे पुरेसं आहे. आता यातला मुद्दा बघा. मोठं उधाण येतं ते पुनव-अवसेला आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर ते नेहमी दुपारी बारा-दीडच्या आसपास आणि मध्यरात्री येणार. सकाळी सातला उधाणाची पूर्ण भरती कधीच नसते. त्या वेळी एकतर उधाणाची ओहोटी असते आणि पक्षी खाडीत दूर चिखलावर पांगलेले असतात, नाहीतर अष्टमी-नवमीची भांगाची भरती असते. भांगाला पाणी इतकं कमी चढतं की वरचा चिखल उघडाच राहतो आणि पक्ष्यांना खाजणात यायची गरजच पडत नाही. मधल्या तिथींना काही थवे आत येतात, काही येत नाहीत. तुमचे आकडे उड्या मारतायत ते यामुळे. पक्षी जास्तीत जास्त संख्येने एकत्र येण्याची जी वेळ, ती तुमच्या वहीत आलेलीच नाही.

किनारी पक्ष्यांना जगायला दोन जागा लागतात, हे डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं बरंच उलगडतं. एक खाण्याची जागा, म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा चिखल. दुसरी भरतीची जागा, म्हणजे तो चिखल पाण्याखाली गेल्यावर तीन-चार तास टेकायला लागणारी उघडी, उथळ, सुरक्षित जागा. पहिलीबद्दल सगळे बोलतात. दुसरी कोणाच्या खिजगणतीत नसते, आणि माझ्या मते गेल्या तीस-चाळीस वर्षांत उत्तर कोकणात सगळ्यात जास्त गेली ती हीच. पनवेल, उरण, पेण या पट्ट्यातली मिठागरं, पीक निघाल्यावर मोकळी पडलेली खारजमीन, बांधाच्या आतली उथळ खाजणं, हे सगळं भरतीच्या वेळचं बसायचं ठिकाण होतं. चिखल अजून बऱ्यापैकी शाबूत आहे. बसायची जागा मात्र एकेक करून संपत गेली.

उधाणाच्या दिवशी साडेदहाला बाहेरकाठ्यावर, म्हणजे खाडीकडच्या बांधावर, सूर्य पाठीशी राहील असे बसा. खाडीचं पाणी शिरायला लागलं की आधी खालच्या चिखलावरचे कर्ल्यू आणि पाणटिवळे हे लांब चोचीचे मोठे पक्षी सरकतात, दोन पावलं मागे, पुन्हा चोच चिखलात, पुन्हा दोन पावलं मागे. कर्ल्यू जवळून बघायला मिळाला तर अवश्य बघा. डोळ्यापर्यंत चोच चिखलात घालतो, खेकडा बाहेर ओढतो आणि झटके देत त्याच्या नांग्या-पाय तोडून मगच गिळतो. वरच्या चिखलावर टिलवे (अगदी छोटे तुतवार) आणि सँड प्लोव्हर (चिखल्या) शेवटच्या क्षणापर्यंत खात राहतात. मग पाण्याची एक जीभ आत येते आणि सगळा थवा एकदम उठतो. एका अंगाने करडा, वळला की पांढरा. तो दोन-तीन घिरट्या घालतो आणि बांधाच्या आत उतरतो. उतरल्यावर धावपळ थांबते. सगळे वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर, चोच पिसांत खुपसून उभे राहतात. जवळजवळ उभे असल्यामुळे तुमच्या गावात हिवाळ्याला किती पक्षी आहेत हे प्रामाणिकपणे मोजता येतं ते याच दोन-तीन तासांत.

ही जागा नसेल तर? पक्षी घिरट्या घालत राहतात किंवा दुसऱ्या गावच्या खाजणापर्यंत उडत जातात, आणि हे दिवसातून दोनदा. मार्च-एप्रिलमध्ये त्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायची असते. आपल्याकडे हिवाळा काढणारे बहुतेक सँड प्लोव्हर तिबेट-लडाखच्या पठारावर वीण करतात. आता त्यांना तिबेटन सँड प्लोव्हर अशी वेगळी जात मानतात, जुन्या पुस्तकांत ते लेसर सँड प्लोव्हर म्हणून सापडतील. टिलवे आणि कर्ल्यू सँडपायपर तर आर्क्टिकपर्यंत जातात. रोजच्या फुकटच्या उडण्यात खर्च झालेली चरबी त्या प्रवासात कुठून तरी भरून काढावी लागते.

आता तुमच्या खाजणात काय झालं असावं ते. पाण्याची खोली आणि पाण्याचा खारटपणा या दोन गोष्टी पक्षी ठरवतात, आणि दोन्ही ठरतात उघाडीवर, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या बांधातल्या झडपेच्या दारावर.

आधी खोली. टिलव्याला दोन-तीन सेंटीमीटर पाणी चालतं, त्याहून जास्त असेल तर तो तिथे उभाच राहू शकत नाही. पाणटिवळ्याला दहा-पंधरा सेंटीमीटर चालतं, लांब पायांच्या शेकाट्याला त्याहून थोडं जास्त. थापट्या आणि तलवार ही बदकं गुडघाभर पाण्यातही खूश असतात. त्यापलीकडे पाणकावळे आणि वारकरी (कूट) पक्षी. म्हणजे खाजणात एक वीत पाणी वाढलं तरी तिथली वस्ती बदलते, आणि बघणाऱ्याला वाटतं छोटे पक्षी कमी झाले. उघाडीची झडप मोडली किंवा गाळाने बसली की नेमकं हेच होतं. पावसाचं पाणी निचरत नाही, जानेवारीतसुद्धा मांडीभर राहतं. कोळंबी आणि जिताडा माशासाठी खोल तळी खोदली गेली असतील तर तीही छोट्या पक्ष्यांच्या कामाची नाहीत, उभ्या काठाच्या तळ्यात त्यांना पाऊल टेकता येत नाही. जिताड्याला माझा विरोध नाही, खारेपाटातल्या, म्हणजे या अलिबाग-पेणच्या खाऱ्या पट्ट्यातल्या, कित्येक घरांना तळ्याचा आधार आहे. फक्त तळं झालं की पक्ष्यांच्या हिशोबात ती जागा खंड्या आणि पाणकावळ्याची झाली, हे नोंदवून ठेवावं.

मग खारटपणा. मुग्धबलाकाचं मुख्य खाणं म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या गोगलगाई. त्याची चोच मिटली तरी मधे एक फट राहते, ती त्याच कामाला येते. तो तुमच्याकडे नियमित यायला लागला असेल तर बहुतेक आत गोडं पाणी साचून गोगलगाई वाढल्यात. जांभळ्या पाणकोंबडीला पाणकणीस या उंच पाणवनस्पतीचं दाट बेट लागतं. पाणकणीस थोडा खारटपणा सोसतं, पण खाडीचं पाणी रोज खेळत असेल तिथे ते माजत नाही. जलपर्णी दिसायला लागली असेल तर प्रश्नच मिटला, ती खाऱ्या पाण्यात तग धरत नाही. या सगळ्यांचा अर्थ एकच निघतो. तुमच्या खाजणात खाडीचं पाणी आत येणं कमी झालंय किंवा थांबलंय. उघाडी बुजली असेल, मधे रस्त्याचा भराव पडून खालचा पाइप अपुरा असेल, किंवा वरच्या वस्तीचं सांडपाणी बारमाही येत असेल. खाडीचं पाणी थांबलं की चिखलातले लांबट किडे, छोटे शिंपले, निवटी (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे), बारीक खेकडे हे सगळं बदलतं. पक्षी शेवटी बदलतात. त्यांच्याआधी चिखल बदललेला असतो.

म्हणून दुर्बीण खाली ठेवून चिखलही बघायला शिका. ओहोटीला ओंजळभर उचला. वरचा बोटभर थर तपकिरी आणि त्यावर बारीक छिद्रं, किड्यांनी टाकलेल्या मातीच्या वळ्या, बाजूला निवटीच्या उड्या, खालचा थर काळा, तर चिखल जिवंत आहे. खालच्या काळ्या थराला घाबरू नका, तो असतोच. तो काळेपणा अगदी पृष्ठभागापर्यंत आलाय, कुजक्या अंड्यासारखा वास नाकात जातोय आणि छिद्र एकही नाही, असं असेल तर तिथे पक्ष्याला खायला काही नाही. पाण्यातलं मीठ मोजायला रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातात मावणारं छोटं उपकरण मिळतं. समुद्राचं पाणी साधारण हजारी ३५ भाग भरतं. तुमच्या खाजणातलं पाणी पावसाळा संपल्यावर जवळपास गोडं असणार, ते मार्चपर्यंत किती चढतं ते महिन्यातून एकदा बघत जा. एका हंगामात चित्र स्पष्ट होईल.

तिवरांबद्दल जपून लिहितो, कारण यावर अर्धवट बोललेलं वाक्य उचलून कोणीही कुऱ्हाड घेऊन निघतो. कांदळवन हवंच. माशांची पिल्लं तिथे वाढतात, बांधाला लाटांपासून आडोसा मिळतो, बगळ्यांच्या वसाहती होतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ च्या निकालात कांदळवनं तोडायला, त्यावर भराव टाकायला बंदी घातली, ती योग्यच होती. वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात महाराष्ट्रातलं कांदळवन १८६ चौरस किलोमीटर होतं, २०२१ च्या अहवालात ते ३२४ झालं. यातला काही भाग उपग्रहचित्रं सुधारल्याचा असू शकतो, पण वाढ खरी आहे आणि खारेपाटात ती उघड्या डोळ्यांनी दिसते. बाहेरकाठ्याला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, वेळेत बुजवली नाही, खाडीचं पाणी रोज शेतात यायला लागलं, शेतकऱ्याने नांगर बंद केला, आणि चार-पाच वर्षांत तिथे पुरुषभर तिवर. अशी कित्येक शेतं अलिबाग-पेणच्या पट्ट्यात दाखवता येतील.

किनारी पक्ष्यांच्या बाजूने बघितलं तर यात जातीजातींत फरक पडतो. व्हिम्ब्रेल, रेडशँक, टेरेक सँडपायपर हे भरतीला तिवरांच्या फांद्यांवर बसतात. टिलवे आणि सँड प्लोव्हर बसत नाहीत, त्यांना चारी बाजूंनी नजर पोचेल अशी मोकळी जमीन लागते, कारण ससाणा कुठून येतो ते दिसलं पाहिजे. त्यामुळे मोकळ्या खाजणात तिवरं शिरली की आधी हे छोटे जातात. तुमच्या पत्रात नेमके छोटेच गेलेत. तेव्हा तुमच्याकडे बहुधा दोन्ही गोष्टी एकदम चालल्यात. बाहेरच्या बाजूने तिवरं पुढे येतायत आणि आतल्या बाजूने पाणी गोडं आणि खोल होतंय. मधली उथळ खारी पट्टी दोन्हीकडून आक्रसतेय.

हे तपासायला गुगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं फुकट बघता येतात. तुमचं खाजण काढा, वर्षं मागे-पुढे करा आणि तिवरांची कडा कुठून कुठे आली ती रेघ मारून ठेवा. त्याच्या जोडीला गावातल्या जुन्या माणसांना विचारा. खांड कोणत्या साली गेली, उघाडी शेवटची कधी दुरुस्त झाली, राता हा खारजमिनीतला लाल भात कुठल्या खारीत (बांधाआतल्या शेतात) शेवटचा पिकला. शेतकऱ्याला ही सालं पीक बुडालं म्हणून पाठ असतात. चित्रातली रेघ आणि ही सालं जुळली तर तुमच्या हाती कुठल्याही पक्षीयादीपेक्षा भक्कम पुरावा आला.

रोहितांविषयी थोडक्यात. छोटा रोहित पाण्यातलं सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो, आणि सांडपाण्यातल्या खतामुळे हे शेवाळ फोफावतं. ठाण्याच्या खाडीत ते हजारोंनी येतात त्यामागे हेही एक कारण मानलं जातं. ती खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, आनंदच आहे. पण रोहित उतरले म्हणून खाजण सुदृढ, असं समीकरण मांडू नका. रोहित आणि टिलवा एकाच पाण्याबद्दल वेगवेगळं सांगतात. गावकऱ्यांना त्यांचं कौतुक वाटतंय तर वाटू द्या, त्या निमित्ताने माणसं बांधावर तरी येतात.

सगळा दोष तुमच्या खाजणाचा नाही, हेही लक्षात असू द्या. हे पक्षी जगभरच घटतायत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने सोळा किनारी पक्ष्यांचा धोक्याचा दर्जा वाढवला. त्यात आपल्याकडे येणारे ग्रे प्लोव्हर आणि कर्ल्यू सँडपायपर आता असुरक्षित गटात आहेत. स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्सच्या २०२३ च्या अहवालातही दूरवरून येणाऱ्या किनारी पक्ष्यांची घसरण ठळक आहे. म्हणून तुमच्या आकड्यांत थोडी घट दिसली तर ती कुठली, इथली की तिकडची, हे वेगळं काढावं लागतं. त्याला एकच उपाय. शेजारच्या दोन-तीन खाजणांतही त्याच दिवशी, त्याच भरतीला मोजा. सगळीकडे घट असेल तर कारण लांबचं. फक्त तुमच्याकडे असेल तर उघाडीपाशी जाऊन बघा.

तर आता मोजायचं कसं. रविवार सोडा, तिथी धरा. नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याला पुनवेच्या किंवा अवसेच्या नंतरची द्वितीया निवडा आणि भरतीच्या आधी दीड तास पोचा. रविवारची मोजणी सुरू ठेवायची तर ठेवा, पण तिच्या पुढे तिथी आणि भरतीची वेळ लिहा, म्हणजे ती कधीतरी उपयोगी पडेल. नोकरी-कॉलेजमुळे तिथी जमत नसेल तर महिन्यातला जो रविवार उधाणाच्या जवळ येतो तो निवडा आणि सातऐवजी अकराला जा. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असाव्यात. पक्षी बसले होते, खात होते की वरून गेले. खाजणात एकाच ठिकाणी रोवलेल्या काठीवर पाणी किती. उघाडी उघडी की बंद. आणि थवा कशामुळे उठला: कुत्रे, मासेमार, ससाणा, ड्रोन, फोटोवाले. शेवटचा मुद्दा लोक लिहीत नाहीत आणि तोच नंतर लागतो.

मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी नीट मोजा, तेवढी जागा डोळ्यात धरा, आणि त्या मापाने पुढे जा. शंभर झाले की शंभराचं माप. उडत्या थव्यापेक्षा बसलेला मोजा. जात ओळखू आली नाही तर ‘छोटा किनारी पक्षी’ म्हणून संख्या लिहा. अंदाजाने नाव ठोकू नका, आणि ओळख पटली नाही म्हणून संख्या गाळूही नका. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना खाडी आणि खाजण अशा दोन वेगळ्या याद्या करा. दोन्ही एकत्र टाकल्या की वर सांगितलेला खाण्याच्या आणि बसण्याच्या जागेतला फरकच पुसला जातो. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. १९८७ पासून ती चालू आहे, तिच्यात तुमचं खाजण घाला. पायात अभ्यासकांनी बसवलेलं रंगीत कडं किंवा झेंडी दिसली तर रंग, कोणता पाय, वर की खाली, अक्षरं, सगळं टिपा, फोटो काढा आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) कळवा.

काय करता येईल, हा तुमचा शेवटचा प्रश्न, आणि यात कायद्याची एक अडचण आधी समजून घ्या. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत पाणथळीची जी व्याख्या आहे तिच्यातून भातशेती वगळलीय. मीठ पिकवायला आणि मत्स्यशेतीला मुद्दाम बांधलेल्या जागाही वगळल्यात. म्हणजे भरतीला पक्षी जिथे जिथे बसतात, नेमकं तेच व्याख्येबाहेर. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत कांदळवन आणि सजीव चिखलपट्टे यांना वरच्या वर्गाचं संरक्षण आहे, खाण्याची जागा त्यात येते. बसण्याची जागा बऱ्याचदा कशातच येत नाही. मुरमाचे डंपर रिकामे व्हायला लागले की लोक तिवर तोडली का एवढंच बघतात, आणि तिवर नसलेल्या मोकळ्या खारीवर भराव टाकणारा निर्धास्त असतो. म्हणूनच तुमच्या नोंदींना मोल आहे. ही मोकळी जागा अमुक हजार पक्ष्यांची भरतीची बैठक आहे, हे तारीख, तिथी आणि फोटोसकट कागदावर असेल तरच कोणी ऐकतं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत हे घालून घ्या. ते काम गावातच होण्यासारखं आहे.

प्रत्यक्ष जमिनीवर करायचं तर सगळ्यात मोठा फरक उघाडीने पडतो. पण इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. पिकत्या खारीत खारं पाणी कधीही घेऊ नका, कोणाला घ्यायला सांगूही नका. पहिल्या पावसाने मीठ धुऊन निघावं म्हणून शेतकरी वर्षभर बांध सांभाळतो. पक्ष्यांसाठी त्याचं शेत नासलं तर गावात पक्ष्यांचं नाव काढायची सोय राहणार नाही, आणि ते बरोबरच असेल. जे तुकडे आधीच पडीक आहेत, ज्यांच्या मालकांची संमती आहे, तिथेच नोव्हेंबर ते मार्च उधाणाला थोडं पाणी आत घेऊन घोट्याखाली ठेवता येतं. उघाडीच्या झडपेची साफसफाई, पाणकणसाची कापणी आणि एक उथळ उतार, इतक्यावर पुढच्या हिवाळ्यात काय होतं ते बघा. बांध आणि उघाडी खारभूमी योजनेतली असेल तर खारभूमी खात्याच्या परवानगीशिवाय हात लावू नका. आणि अर्ज शेतकऱ्यांच्या सहीने जाऊ द्या. नादुरुस्त उघाडीचा त्रास त्यांना तुमच्याआधीपासून आहे, त्यामुळे या एका बाबतीत दोघांचं हित सरळ जुळतं.

उगवलेली तिवराची रोपं उपटायची नाहीत, अगदी बोटभर असली तरी. कुठे खरंच मोकळी बैठक वाचवायला गरज वाटत असेल तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे नोंदींसह लेखी मांडा, निर्णय त्यांचा. मात्र उघड्या चिखलावर किंवा खाजणाच्या मोकळ्या भागात कांदळवन लावण्याचा कार्यक्रम कोणी घेऊन आलं, तर हात जोडून नको म्हणा. पर्यावरण दिनाला असे कार्यक्रम होतात, हेतू चांगला असतो, फोटोही छान येतात. पण मोकळा चिखल म्हणजे रिकामी जागा नव्हे. रोपं लावायचीच असतील तर जिथे पूर्वी कांदळवन होतं आणि तुटलं, तिथे लावावीत.

भरतीच्या तीन तासांत थव्याजवळ जायचं नाही, हा नियम तुमच्या गटाने आधी स्वतःला लावावा. पक्ष्यांनी माना वर केल्या, पिसांतल्या चोची बाहेर आल्या, की तुम्ही जास्त पुढे आलात. तिथेच बसा किंवा मागे सरका. ड्रोन नकोच. बांधावर मोकाट कुत्री असतील तर ग्रामपंचायतीशी बोला, एक कुत्रा अख्ख्या बैठकीला दिवसभर बसू देत नाही.

दुर्बिणीचं विचारलंय म्हणून सांगतो. ८×४२ ची एक साधी चांगली दुर्बीण सुरुवातीला पुरते, १०× च्या मागे लागू नका, बांधावरच्या वाऱ्यात हात हलतो. पैसे जमवून गटात मिळून एक स्पॉटिंग स्कोप आणि दणकट ट्रायपॉड घ्या. टिलव्यांच्या थव्यात मिसळलेला ब्रॉड-बिल्ड सँडपायपर किंवा डनलिन शोधायचा तर स्कोपशिवाय इलाज नाही. दुपारी उन्हाने हवा थरथरते आणि लांबचं धूसर होतं, तेव्हा स्कोपचं मॅग्निफिकेशन कमी ठेवा. वीस-पंचवीसच्या पटीत जास्त दिसतं.